आंबा-नारळाच्या उन्हाळी परफ्यूमने फार निराशा केली

प्रश्न: आंबा, नारळ आणि पांढऱ्या फुलांचा सुवास असल्याचे सांगणारा एक परफ्यूम मी कॉलेज रोडवरील दुकानातून हौसेने घेतला. फवारताच लिंबाच्या सालीसारखा तजेला जाणवतो, परंतु थोड्याच वेळात आंबा नाहीसा होऊन केवळ गोड, तेलकट खोबऱ्याचा वास उरतो आणि नाशिकच्या भर दुपारी तो अगदी नकोसा होतो. बाटलीच सदोष असेल का?

उत्तर १: तसे वाटत नाही. लिंबूवर्गीय घटक हलके असल्याने सर्वांत आधी उडतात आणि उन्हात ही गती वाढते. उलट नारळाचा भास देणारे गॅमा-नोनालॅक्टोन हे सुगंधी रसायन सावकाश उडते, म्हणून शेवटी तेच रेंगाळते. आंब्याबद्दलची आपली खंत मला पूर्णपणे पटते. परफ्यूममधला आंबा सहसा रसायनांच्या मिश्रणातून घडवलेला असतो, आणि हापूसच्या देठाशी चिकाचा जो किंचित उग्र, हिरवट वास असतो तो त्यातून वगळला, की उरतो तो निव्वळ सरबताचा गोडवा.

उत्तर २: ताई, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचे अत्तर वापरून पाहा. वाळा मुळांपासून मिळतो, त्याचा वास मातकट व गार असतो आणि घामातही तो चिकट वाटत नाही. ही बाटली डिसेंबरच्या थंडीसाठी कपाटात, अंधारात ठेवावी.

उत्तर ३: पुढील खरेदीत कागदी पट्टीवर विसंबू नये, मनगटावर लावून, बाहेर उन्हात फिरून आल्यावरच निर्णय घ्यावा.