शॉकनंतर तांबूस होणारे पाणी
शॉक देऊनही, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस देऊनही, पोहण्याच्या तलावाचे पाणी निवळले नाही तर क्लोरीनची मात्रा दुप्पट करावी, असे एक मत आहे; शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यापुरते ते मला मान्य आहे. मात्र कोकणात जिथे तलाव बोअरच्या पाण्याने भरतात, तिथे आधी लोहाचा विचार करायला हवा. गुहागरजवळच्या आमच्या तलावातील ५०,००० लिटर पाण्यात ६५ टक्के क्लोरीनची पाऊण किलो पावडर, म्हणजे सुमारे १० पीपीएम (लिटरमागे १० मिलिग्रॅम) क्लोरीन, संध्याकाळी बादलीत कालवून सोडली (पावडर नेहमी पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी कधीही ओतू नये), तेव्हा तासाभरात नितळ पाणी कोऱ्या चहासारखे दिसू लागले आणि सकाळी पायऱ्यांच्या पांढऱ्या फरश्यांवर बोटाने पुसला जाईल असा गंजाचा थर बसला होता.

विरघळलेले लोह डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीनमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होऊन (ते गंजून) बारीक तांबूस कण बनतात. हे कण आणखी क्लोरीनने जात नाहीत. आम्ही तुरटी फिरवली, रात्रभर पंप बंद ठेवला आणि तळाशी बसलेला गाळ फिल्टरमधून न नेता थेट बाहेर ओढून टाकला. दुसऱ्या दिवशी तळाच्या फरशीचे सांधे स्पष्ट दिसत होते.