मदत हवी आहे: स्वतः कंपाईल केलेला कर्नल बूट होत नाही

नमस्कार मंडळी. मी मालवणचा. जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे, त्यावर कर्नल ६.६ (लिनक्सचा गाभा) कंपाईल केला. लोकलमॉडकॉन्फिग (सध्या वापरातलीच मॉड्यूल ठेवणारी आज्ञा) चालवलं, मग मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत) जाऊन नको वाटलं ते काढलं. इन्स्टॉल विनातक्रार झालं, पण रीबूट केल्यावर कर्नल पॅनिक: ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’, म्हणजे मुख्य डिस्क विभागच सापडत नाही. ग्रबमधून (बूटच्या वेळी कर्नल निवडायचा मेनू) जुना कर्नल नीट चालू होतो, त्यामुळे डेटा सुखरूप आहे.

बूट फोल्डरमध्ये नव्या कर्नलची इनिटआरडी फाईल (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली) आहे, ग्रबमध्ये तिची ओळही आहे. माझा संशय असा: डेबियन १२ ही फाईल झेडएसटीडी या कॉम्प्रेशन पद्धतीने दाबतं, आणि मी कॉन्फिगमधून आरडी_झेडएसटीडी (तशी फाईल उघडायची सोय) काढलं होतं. मग कर्नलला ती उघडताच येत नसेल ना? रूट विभाग यूयूआयडीने (डिस्क विभागाच्या ओळख क्रमांकाने) दिलाय, म्हणजे इनिटआरडीशिवाय डिस्क सापडणार नाही.

पुन्हा कंपाईल न करता इनिटरॅमएफएसच्या (इनिटआरडी फाईल बनवणाऱ्या साधनाच्या) कॉन्फमध्ये कॉम्प्रेस जीझिप (दुसरी कॉम्प्रेशन पद्धत) करून ती फाईल अपडेट केली तर भागेल का? आरडी_जीझिप चालूच आहे. एका बिल्डला तीन तास लागतात, आणि या पावसात आमच्याकडे लाईट सलग तेवढी टिकत नाही. एनव्हीएमई (डिस्कचा ड्रायव्हर) आणि ईएक्सटी४ (फाईल सिस्टम) मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलबाहेर वेगळे आहेत, तेही बिल्ट-इन करावेत का? कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा.