निवांत समुद्र हवा असेल तर श्रीलंका बघा

तुम्ही म्हणताय की पुण्याहून दोघी मैत्रिणींना डिसेंबर-जानेवारीत परदेशात जायचंय, समुद्र हवाय आणि धावपळ अजिबात नकोय. वर बऱ्याच जणांनी बाली-थायलंड सुचवलंय, पण मला विचाराल तर श्रीलंकेचा दक्षिण किनारा. मी माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीबरोबर गेले होते आणि खरंच सांगते, इतका आराम कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे, पुढे टॅक्सी न करता कोलंबो फोर्ट स्टेशनवरून दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉल शहराची ट्रेन पकडा आणि उजवीकडची खिडकी बघून बसा, कारण रूळ कितीतरी वेळ पाण्याला लागूनच जातात आणि खारा वारा सरळ तोंडावर येतो. मुक्काम त्याच किनाऱ्यावरच्या उनावटुना किंवा मिरिसा गावात करा, रोज हॉटेल बदलू नका प्लीज. सकाळी अंड्याचा हॉपर खायचा, म्हणजे आप्पमच, कडेला कुरकुरीत जाळी आणि मधे मऊ, सोबत पोल सांबोल, म्हणजे ओल्या नारळाची लालभडक चटणी, मग दुपारभर लोळायचं आणि गप्पा मारायच्या. एखाद्या संध्याकाळी गॉलच्या किल्ल्यात जा, १९८८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे, तटावरून सूर्यास्त फार सुंदर दिसतो.

पौर्णिमेला तिथे सुट्टी असते आणि दारू विकत नाहीत, तेवढं कॅलेंडर बघून ठेवा. आणि बेत मे ते सप्टेंबरमध्ये ढकलला गेलाच तर दक्षिणेचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमालीकडे जा.