शब्दचर्चा: रायफलची नळी घासायची, पुसायची की धुवायची?

विचारणा (भाषांतरकार)

नेमबाजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी रायफलच्या निगेवरची एक छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. मूळ मजकूर सोपा आहे, पण त्यात सगळीकडे 'क्लीन' हे एकच क्रियापद येतं. मराठीत आपल्याकडे घासणे, पुसणे, चोळणे, खरवडणे, धुणे, निपटून काढणे असे कितीतरी पर्याय आहेत आणि प्रत्येकात हाताचा जोर वेगळा आहे. पहिल्या खर्ड्यात मी बहुतेक ठिकाणी 'नळी घासावी' असं लिहिलं आहे. सफाईच्या रॉडला 'गज', नळीच्या आतल्या वळणदार ग्रूव्हला 'आटे', नळी पुसायच्या कापडी पॅचला 'चिंधी' आणि नळीत साचणाऱ्या फाउलिंगला 'काजळी' घेतलं आहे. जाणकारांनी तपासून सांगावं. शब्द चुकला तर शिकणाऱ्याचा हात चुकेल, म्हणून विचारते आहे.

प्रतिसाद (नेमबाजी प्रशिक्षक)

आधी 'घासावी' हा शब्द काढून टाका. माझा सगळ्यात मोठा आक्षेप त्याच्यावर आहे. घासायचं म्हटलं की माणूस जोर लावतो, पुढे-मागे हात चालवतो आणि चकाकी येईपर्यंत थांबत नाही. अचूक नळीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी घातक आहेत.

आकडे बघा. 7.62 मिमीच्या रायफलच्या नळीत आतून खाचा आणि त्यांच्यामध्ये उंचवटे असतात. त्यात उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर 7.62 मिमी असतं आणि खाचेपासून खाचेपर्यंतचं साधारण 7.82 मिमी. म्हणजे खाचेची खोली मिलिमीटरचा दहावा हिस्सा. गोळीला फिरकी देण्याचं सगळं काम एवढ्याशा उंचीवर चालतं. तिथे जोर करणाऱ्या हाताला जागाच नाही.

नळीचा पोलाद मऊ नसतो आणि काशाच्या तारांचा ब्रश त्याच्यापेक्षा मऊ असतो, हे खरं. म्हणून ब्रशच्या तारांपेक्षा मला सळईची, म्हणजे तुमच्या रॉडची, जास्त भीती वाटते. बारीक सळई वाकते, मधोमध उंचवट्यांना टेकते आणि दर फेरीला त्याच जागी घासत राहते. जोडाजोडीच्या सळईचे सांधे तर कडेने टोचतात. मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या सळईत धुळीचे कण रुतून बसतात आणि मग तीच कानशीसारखी चालते. यासाठी एकसंध, वर आवरण असलेली किंवा कार्बन फायबरची सळई घ्यावी आणि प्रत्येक फेरीनंतर ती फडक्याने पुसावी. पोलादी तारांचा ब्रश नळीत घालूच नये.

चिंधीच्या बाबतीत 'ढकलणे' हेच क्रियापद ठेवा. 'चिंधी मागून घालून तोंडाबाहेर ढकलावी.' वाचणाऱ्याला दिशा आपोआप कळते.

प्रतिसाद (लेथवर काम केलेला)

'आटे' नको. कारखान्यात आटे म्हणजे स्क्रूचे, नट बसतो ते, एकमेकांना अगदी लागून असलेले. रायफलच्या नळीतल्या खाचा तशा नसतात. 0.22 इंची रायफलच्या नळीत साधारणपणे 16 इंचांत एक पूर्ण वळसा, 7.62च्या बऱ्याच नळ्यांत 10 ते 12 इंचांत एक. याला मराठीत 'पीळ' म्हणतात आणि तो शब्द इथे अगदी चपखल आहे. 'या नळीचा पीळ 12 इंचांचा' हे ऐकताच कळतं.

ग्रूव्ह आणि लँड या जोडीसाठी 'सरी-वरंबा' सुचवतो. खोलगट ती सरी, उंच तो वरंबा, दोन्ही एकमेकांशिवाय नसतात. मराठी वाचकाला चित्र लगेच दिसेल. पुस्तिकेत फार शेतीचं वाटत असेल तर 'खाच' आणि 'उंचवटा' चालतील.

सफाईच्या सळईची मूठ बेअरिंगवर फिरणारी का असते, हेही 'पीळ' शब्दामुळे सोपं होतं. सळई पिळाबरोबर फिरली पाहिजे, म्हणजे ब्रशच्या तारा खाचेच्या तळाशी पोचतात. मूठ घट्ट असेल तर ब्रश पिळाला आडवा जातो आणि वरवर उंचवटेच घासतो.

प्रतिसाद (जुन्या शब्दांचा अभ्यासक)

'गज' हा ठासणीच्या बंदुकीचा शब्द आहे. दारू आणि गोळी तोंडातून भरून गजाने ठासायची. त्या बंदुकीला मागून उघडायची सोय नव्हती, त्यामुळे सफाईही तोंडातूनच होई. शब्दाबरोबर ती दिशाही येते. शिवाय आजच्या वाचकाला गज म्हटलं की खिडकीचा जाड लोखंडी गज आठवतो. मागून घालायच्या, आवरण असलेल्या नाजूक वस्तूला 'सळई' बरा.

'रायफल' या नावाच्याही मुळाशी खाचाच आहेत. ते फ्रेंचमधल्या खरवडणे, ओरखडणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलं. खरवडण्याचं काम कारागिराने एकदाच केलेलं आहे. पुस्तिकेत 'खरवडणे' कुठेही येऊ नये, या मताचा मी आहे.

विचारणा (भाषांतरकार)

'सळई' घेतली. 'सरी-वरंबा' एकदा समजावताना वापरीन आणि पुढे 'खाच-उंचवटा' ठेवीन. क्राउन आणि थ्रोटचं काय करू? 'मुकुट' लिहिलं तर वाचणाऱ्याला ती शोभेची वस्तू वाटेल.

प्रतिसाद (नेमबाजी प्रशिक्षक)

'मुकुट' नकोच. 'तोंडाचा काठ' लिहा. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो हा काठ. तो सगळीकडून सारखा असेल तर मागचा वायू गोळीभोवती सारखा सुटतो. एका बाजूला टवका उडाला किंवा काठ झिजला की वायू तिकडून आधी निसटतो, गोळीला तिरका धक्का बसतो आणि नेम बिघडतो. बाकी नळी कितीही निर्दोष असो.

जुन्या ली-एनफिल्ड रायफलींत याची खूण बघायला मिळते. त्यांच्याबरोबर सफाईची दोरी दिलेली असे. ती तिरकी ओढली की तोंडाशी एकाच बाजूला घासे, आणि वर्षानुवर्षं तसं झालं की काठाला दोरीची घळ पडे. गॅरंड रायफल मागून साफ करता येत नाही, त्यामुळे तिच्या अनेक नळ्या सळईमुळे तोंडाशी झिजलेल्या सापडतात. अशा बंदुकीला तोंडावर बसणारी टोपी वापरावी, म्हणजे सळई मधोमध राहते.

थ्रोटला 'घसा' चालेल. काडतुसाच्या घरापुढे खाचा सुरू होतात तो भाग. तो आधीच तप्त वायूने झिजत असतो, त्यात सळईचं घासणं नको. म्हणून बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता भाग, काढून तिथे बोअर गाइड बसवतात. त्याला मराठीत 'मार्गनळी' म्हणावं असं मला वाटतं. ती सळईला मध्यात धरते आणि द्रावण चापाच्या यंत्रणेत उतरू देत नाही. पुस्तिकेत या सगळ्याच्या आधी, ठळक अक्षरांत, 'घर रिकामं आहे याची डोळ्यांनी खात्री करावी' हे वाक्य हवं.

प्रतिसाद (रसायनशास्त्र शिकवणारी)

'काजळी' हा सुरेख शब्द आहे, पण तो फाउलिंगचा एकच प्रकार झाला. दारू जळून उरते ती काजळी. गोळीच्या तांब्याच्या कवचाचा नळीला लागतो तो 'लेप'. साध्या शिशाच्या गोळीचं शिसं चिकटतं. हे तिन्ही वेगळे आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. सगळ्यांना मिळून 'कीट' म्हणा आणि पोटभेद नावानिशी सांगा.

तांब्याचा लेप अमोनियाच्या द्रावणात विरघळतो आणि चिंधी निळी होते. इथे 'घासणे' नाही, 'विरघळवणे' आहे. द्रावण लावायचं, त्याला बाटलीवर सांगितलेला वेळ द्यायचा, चिंधीने पुसून काढायचं. रात्रभर ठेवायचं नाही, कारण तीव्र द्रावण जास्त वेळ राहिलं तर पोलादाचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो. काम हवेशीर जागेत, हातमोजे घालून करावं. एक फसवी गोष्ट पुस्तिकेत जरूर घाला: काशाचा ब्रश आणि सळईच्या टोकाला चिंधी धरणारा पितळी जॅग यांतही तांबं असतंच, त्यामुळे नळी स्वच्छ झाली तरी चिंधी निळी येत राहते. माणूस मग उगाच नळीमागे लागतो. अशा वेळी नायलॉनचा ब्रश आणि निकेलचा मुलामा दिलेला जॅग वापरून बघावं.

आणि 'धुणे' पूर्ण वगळू नका. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या प्राइमरमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि नळी गंजते. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून अशा काडतुसांनंतर नळीत गरम पाणी ओतत, मग ती कोरडी करून तेल लावत. तिथे 'धुणे' हाच बरोबर शब्द.

प्रतिसाद (0.22 प्रोन, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारातला नेमबाज)

0.22च्या गोळीला तांब्याचं कवच सहसा नसतं, शिशावर मेणाचा किंवा चरबीचा हात असतो. तिथे अमोनियाचा उपयोग नाही. उलट नळीत त्या मेणाचा पातळ थर बसल्यावरच गोळ्या एका जागी पडू लागतात. सफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, मग नळी 'बसते'. आम्ही हाच शब्द वापरतो. त्यामुळे 'लखलखीत' हा शब्द पुस्तिकेत कुठे असेल तर तोही काढा. लक्ष द्यायचं ते घराच्या पुढ्यात जमणाऱ्या काजळीच्या कड्याकडे.

एअर रायफलला तर दारूच नाही. नमद्याची (फेल्टची) सफाईची गोळी नळीतून ढकलली की बहुधा पुरतं. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये खनिज तेल घालू नये, दाबाने ते पेट घेतं.

विचारणा (भाषांतरकार)

सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्य परिच्छेद असा केला आहे: 'घर रिकामं असल्याची खात्री करून बोल्ट काढावा. मार्गनळी बसवावी. द्रावणाने ओली केलेली चिंधी मागून घालून तोंडाबाहेर ढकलावी. ब्रश पुढे-मागे चालवून कीट सुटू द्यावं. शेवटी कोरड्या चिंध्यांनी पुसून तेलाचा पातळ हात द्यावा.'

प्रतिसाद (नेमबाजी प्रशिक्षक)

दोन दुरुस्त्या. तेलाच्या वाक्यापुढे 'गोळी झाडण्याआधी हे तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावं' असं जोडा. नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी भलतीकडे जाते आणि दाबही वाढू शकतो. आणि 'पुढे-मागे चालवून' हे शब्द खोडा. नळीच्या आत दिशा बदलली की तारा उलट्या वळतात आणि ब्रश अडकतो. त्याऐवजी लिहा: 'ब्रश पूर्ण तोंडाबाहेर येईपर्यंत ढकलावा, तिथे फिरवून सोडवावा आणि रिकामी सळई काठाला न लावता सावकाश मागे घ्यावी.'