जे-१ व्हिसावर अमेरिकेत गेलेली फोंड्याची प्राध्यापिका: कर भरताना मी कुठली रहिवासी?

फोंडेकरीण: नमस्कार. कॉलेजातून बिनपगारी रजा घेऊन २० ऑगस्ट २०२४ ला जे-१ व्हिसावर अमेरिकेत व्हिजिटिंग स्कॉलर (पाहुणी संशोधक) म्हणून आले. पगार इथलं विद्यापीठ देतं. रिटर्न १५ एप्रिलपर्यंत भरायचा आहे. १८३ दिवस भरले की करासाठी इथली रहिवासी धरतात म्हणे. जो तो सांगतो, "१८३ दिवस झाले नाहीत ना, मग सुटलीस." खरं का? शिवाय फोंड्याच्या घरातल्या दोन खोल्यांचं भाडं माझ्या खात्यात येतं. तेही इथे दाखवायचं?

डिचोलीकर: ताई, तुमचे २०२४ चे दिवस मोजायचेच नाहीत. जे-१ वरच्या संशोधकाला या मोजणीतून दोन वर्षांची सूट असते, पण ती कॅलेंडर वर्षं, चोवीस महिने नव्हेत. ऑगस्टात उतरलात तरी २०२४ अख्खं खर्ची पडलं. तुमचा फॉर्म १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचा रिटर्न; सोबत ८८४३, म्हणजे दिवस का मोजले नाहीत ते सांगणारा फॉर्म. गोव्यातलं भाडं त्यात येत नाही.

मी पहिल्या वर्षी फुकटच्या सॉफ्टवेअरवर साधा १०४०, म्हणजे रहिवाशांचा रिटर्न भरला. त्याने स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) दिलं, रिफंड आला, आम्ही खूश! ते डिडक्शन भारत-अमेरिका करकरारानुसार भारतीय विद्यार्थ्यांना मिळतं, आपल्यासारख्या संशोधकांना नाही. दुरुस्तीचा फॉर्म १०४०-एक्स भरून सगळे पैसे परत केले. आपल्यासाठी त्याच करकराराचं कलम २२ आहे: शिकवण्याचा-संशोधनाचा पगार दोन वर्षांपर्यंत अमेरिकेत करमुक्त. विद्यापीठाला ८२३३ (या कलमामुळे पगारातून कर कापू नका असं सांगणारा फॉर्म) दिला नसेल, तर कापलेला कर रिटर्नमध्ये मागा.

पेडण्याची सीए: भारताचं मी सांगते. एप्रिलपासून निघेपर्यंत तुमचे १४० च्या आसपास दिवस भरतात. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला १८२ ची मर्यादा, म्हणून २०२४-२५ ला तुम्ही अनिवासी. नेमणूकपत्र जपून ठेवा, नोकरीचा पुरावा तोच. भाड्यावर मात्र भारतात कर आहेच. लग्नाआधी मालमत्तेचा वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरणाऱ्या आपल्या गोव्याच्या कायद्यामुळे आयकर कायद्याचं कलम ५अ लागतं: अर्धं भाडं तुमच्या रिटर्नमध्ये, अर्धं यजमानांच्या. पगाराची अशी वाटणी होत नाही.

फोंडेकरीण: करार नाही केलेला. एक राहिलं, २०१९ च्या उन्हाळ्यात तीन महिने जे-१ वरच येऊन गेले होते. त्याने काही फरक पडतो?

डिचोलीकर: पडतो, ताई! मागच्या सहा वर्षांत सूट मिळालेली दोन वर्षं झाली की सूट संपते. २०२४ ला मागे एकटं २०१९ होतं, म्हणून त्या वर्षीचे दिवस न मोजण्याचं सांगितलं ते तसंच. २०२५ साठी मात्र २०१९ आणि २०२४ अशी दोन भरली. तुमची मोजणी १ जानेवारी २०२५ पासून चालू झालीय. २ जुलैपर्यंत तिथेच राहिलात तर १८३ पूर्ण, म्हणजे २०२५ ला करासाठी तुम्ही अमेरिकेच्या रहिवासी. जुना पासपोर्ट काढून २०१९ चा शिक्का आजच बघा.

फोंडेकरीण: पासपोर्ट फोंड्याला कपाटात आहे. ह्यांना फोटो पाठवायला सांगते. देव बरें करूं.