‘गेम’ हा अल्बम परफ्यूमचा की यासुताका नाकाताचा?

अर्धविराम:
परफ्यूम या तीन जणींच्या जपानी गटाचा ‘गेम’ हा पहिला स्टुडिओ अल्बम १६ एप्रिल २००८ रोजी आला आणि ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या अल्बमविक्रीच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. टेक्नोपॉप, म्हणजे सिंथेसायझरवर बेतलेल्या पॉप संगीताच्या, गटांपैकी हा मान याआधी १९८३ मध्ये यलो मॅजिक ऑर्केस्ट्राला मिळाला होता, त्यानंतर थेट २००८ मध्ये परफ्यूमला. त्यामुळे अल्बमच्या महत्त्वाविषयी वाद नाही. माझा आक्षेप श्रेयाविषयी आहे. शब्द, चाली आणि संगीतसंयोजन निर्माता यासुताका नाकाताचे. आच्यान, काशियुका आणि नोच्ची या तिघी गायिकांचे आवाज संगणकातून इतके गाळून घेतलेले, की कोणती ओळ कोणाची हे सरावल्या कानालाही सहज सांगता येत नाही. गायिकाच ओळखू येत नसतील, तर अल्बम त्यांचा म्हणणे ही वेष्टनावरच्या छायाचित्राला दिलेली दाद ठरते. बारांपैकी पाच गाणी आधीच प्रसिद्ध झालेली होती, हेही जाता जाता नोंदवतो.

रेवाकाठ:
हा दोष आपण कोणत्या मोजपट्टीने ठरवला? आपले कान भावगीतावर वाढले, म्हणून स्वरात भाव ओतणे हीच गायकी असे आपल्याला वाटते. नाकाताला मात्र अलिप्त, सपाट स्वर हवा असतो. हिरोशिमाच्या गाणे-नृत्य शिकवणाऱ्या शाळेत मोकळ्या गळ्याने गायला शिकलेल्या मुलींनी ती सवय बाजूला ठेवून असे गाणे, ही मला मोठी शिस्त वाटते. याच अल्बममधल्या ‘मॅकॅरोनी’तला दबका स्वर पुन्हा ऐकून पाहावा.

अर्धविराम:
शिस्त मान्य. परंतु सतारीची तार सुरात राहिली म्हणून मैफल तारेची होत नाही.

तिहाई:
अल्बममधल्या ‘पॉलिरिदम’ या गाण्याचे उदाहरण घेऊ. पुनर्वापराच्या प्रचारासाठी केलेल्या जाहिरातीतून २००७ मध्ये हे गाणे घरोघरी पोहोचले. त्याच्या मध्यभागी एकाच शब्दाचे तुकडे करून चार मात्रांच्या ठेक्यावर पाच मात्रांची आवर्तने चढवलेली आहेत, आणि सम हातातून निसटल्यासारखी वाटते. ही करामत नक्कीच नाकाताची. मात्र रंगमंचावर त्या गुंत्यावर नाचायचे असते या तिघींना, आणि नृत्य बसवणारी मिकिको त्यांना हिरोशिमापासून शिकवत आलेली आहे. परफ्यूमची कला तिथे दिसते.

अर्धविराम:
म्हणजे आपण माझेच म्हणणे मांडलेत. तबकडीत नृत्य नसते आणि चर्चा तबकडीची आहे.

रेवाकाठ:
मग तबकडीपुरतेच बोलू. नाकाता त्याच काळात कॅप्सूल या आपल्या गटासाठी तोशिको कोशिजिमाचा आवाज अशाच यंत्रांतून काढत होता. २००७ च्या अखेरीचा त्यांचा ‘फ्लॅश बॅक’ आणि ‘गेम’ एकामागोमाग ऐकावेत. हात तोच आहे, तरीही ‘गेम’मध्ये जी कोवळीक आणि तीन गळ्यांची दाट वीण आहे, ती कॅप्सूलमध्ये नाही. आवाज निव्वळ कच्चा माल असता, तर हा फरक कुठून आला?

अर्धविराम:
काल रात्री दोन्ही ऐकले. फरक आहे, हे नाकारत नाही. तो गळ्यांमुळे पडला, की नाकाताने आयडॉल गटाच्या, म्हणजे चाहत्यांसाठी घडवलेल्या तरुण गायक-नर्तकांच्या गटाच्या, श्रोत्यांसाठी मुद्दाम गोड चाली बांधल्या म्हणून, एवढाच प्रश्न माझ्यापुरता उरतो. आणि ‘चॉकलेट डिस्को’ ऐकताना मला अजूनही या दोहोंपैकी दुसरे कारण, चालींचे, खरे वाटते.

तिहाई:
आणि मला ‘बटरफ्लाय’ ऐकताना पहिले, गळ्यांचे.