आधी डीएनएस बघा, एसएसडीचे नंतर

ऑफिसच्या पीसींवर सकाळी लॉगिनला पाच-सहा मिनिटे लागतात म्हणून सगळ्यांना एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घ्यावी, असे या चर्चेत सुचवले गेले आहे. खर्च करण्याआधी एक करून पाहा. नेटवर्कची वायर काढा आणि रोजच्याच युजरने लॉगिन करा. विंडोज जुने लॉगिन लक्षात ठेवते, त्यामुळे आत जाता येते. तेव्हा झटकन डेस्कटॉप आला, तर दोष डिस्कचा नाही.

आमच्याकडे अगदी हेच झाले होते. इंटरनेट बंद पडू नये म्हणून कोणीतरी प्रत्येक पीसीत दुसरा डीएनएस (नावावरून नेटवर्कवरचा पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून ८.८.८.८ टाकून ठेवला होता. गूगलच्या त्या सर्व्हरला आपल्या ऑफिसचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, कुठून माहीत असणार? पीसी बिचारा शोधत बसतो. दोन्ही जागी ऑफिसचेच डीएनएस द्या. बाहेरचा पत्ता फक्त सर्व्हरवर, फॉरवर्डर म्हणून, म्हणजे ऑफिसच्या डीएनएसला माहीत नसलेली नावे तो तिकडे विचारेल.

तरीही रखडले, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारे साधन) विनलॉगॉनच्या, म्हणजे लॉगिन हाताळणाऱ्या भागाच्या, ६००५ आणि ६००६ या नोंदी शोधा. ग्रुप पॉलिसीने (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना लागू होणाऱ्या सेटिंग्ज) किती सेकंद खाल्ले, ते ६००६ मध्ये आकड्यासकट मिळते. बंद केलेल्या जुन्या सर्व्हरचे मॅप्ड ड्राइव्हही (पीसीत ड्राइव्ह म्हणून जोडलेले सर्व्हरवरचे फोल्डर) तपासाच. काय निघाले ते इथे नक्की कळवा.